भूपाळीतली गाळलेली ओळ

वेदनायकीअम्मांनी उभ्या आयुष्यात पहाट पाहिली नव्हती. पहाटेची गाणी मात्र त्यांनी ढीगभर गायली होती. सिनेमातल्या नायिकांची सकाळ अम्मांच्या गळ्यातून उजाडे आणि तामिळ मुलखातल्या निम्म्या देवळांतले देव त्यांच्याच आवाजाने जागे होत, अशी ख्याती. खुद्द अम्मांना मात्र नऊच्या आत उठवायची छाती कोणी केली नव्हती. कोडंबाक्कमच्या स्टुडिओत रात्रीच्या पाळ्या करून लागलेली ही सवय. पाळ्या गेल्या, वय सत्तरीपलीकडे गेलं, सवय तेवढी तरुण राहिली. मार्गळी, म्हणजे देवांना पहाटे गाऊन जागवायचा महिना, लागला की मैलापूरच्या त्यांच्या घरावर तिन्ही बाजूंनी कर्णे रोखले जात, आणि तिन्ही कर्ण्यांतून अम्मांचीच भूपाळी सुरू होई. अम्मा कानात कापूस घालून झोपत.

कापसाला आणखी एक कारण होतं. लहानपणी तंजावूरच्या गुरूंनी त्यांना बजावलं होतं, "पोरी, आपला आवाज आपण ऐकू नये. जगाची दृष्ट मिरच्यांनी निघते, आपलीच लागली तर कशानेही निघत नाही." अम्मांनी हे शब्द पदराच्या गाठीला बांधले. रेकॉर्डिंग संपलं की काचेपलीकडे संगीतकाराचं तोंड बघायचं. ते हसलं की चपला पायात घालायच्या. गाडीत रेडिओवर आपलं गाणं लागलं तर ड्रायव्हरने न सांगता तो बंद करायचा. एका मंत्र्याच्या मुलीच्या लग्नात बँडवाल्यांनी अम्मांच्या गाण्यांची रेकॉर्ड लावली, तेव्हा त्या भरल्या पंगतीतून उठल्या होत्या. पायसम फार चांगलं झालं होतं, त्यामुळे तो त्याग त्यांच्या कायम लक्षात राहिला.

तर ती भूपाळी. कुंभकोणमच्या पुढे, कावेरीच्या काठी, मेलप्पडूरला, लोकांच्या तोंडी नुसतं पडूर, कुयिलांबाळ देवीचं देऊळ आहे. त्या देवळासाठी तीसेक वर्षांपूर्वी एक कॅसेट निघाली. 'ऊठ, आई कुयिलांबाळ' हे तिच्यातलं पहिलंच गाणं. त्यातल्या तिसऱ्या कडव्याला एक ओळ नाही. चाल पुढे जाते, मृदंग पुढे जातो, पण शब्द थांबतात, ओळभर नुसता "म्म्म्" असा हुंकार घुमतो आणि मग एकदम "ऊठ!" येतं. इथे गाणारीचा कंठ दाटला, असं लोक मानत. ऐकणाऱ्यांचेही दाटत. पडूरच्या देवळात तर या हुंकारावरच गाभाऱ्याचा पडदा सरकत असे. हुंकाराच्या आधी नाही आणि नंतरही नाही. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं कोणी विचारलं की पुजारी साम्बमूर्ती गुरुक्कल उलट विचारत, "तुम्ही शास्त्र वाचलंय का?" विषय तिथेच संपे.

पहाट उलटल्यावर ही भूपाळी कोणी लावत नसे. जाग्या माणसाला हलवून उठवण्यात काय अर्थ? त्यामुळे अम्मांना आपला गुरुमंत्र पाळणं सोपं गेलं.

मुलाखतीत मात्र त्या हुंकाराची गोष्ट त्या न चुकता सांगत. "दुसरं कडवं संपलं आणि डोळ्यांसमोर आई उभी राहिली. हिरवी साडी, नाकात चमकी. शब्द कागदावर होते, पण घशातून येईनात. संगीतकार अरुणगिरी मास्टर काचेपलीकडे उभे राहून रडत होते." एवढं सांगून अम्मा रुमाल काढत. रुमाल पहिल्या मुलाखतीत नव्हता, तिसऱ्या-चौथ्या वेळी आला. पुढे नाकातली चमकीही आली.

यंदा पडूरच्या देवळाचे विश्वस्त मेय्यप्पन स्वतः मैलापूरला आले. जुनी कॅसेट खरखरायला लागली होती. तेव्हा अम्मांनी देवळात येऊन देवीसमोर तीच भूपाळी नव्याने गावी, ती उत्तम यंत्रांवर मुद्रित व्हावी, आणि इथून पुढे सगळीकडे तीच वाजावी, असा बेत होता. कॅसेटच्या कंपनीनेही जुनं गाणं सगळीकडून काढून नवं घालायचं कबूल केलं होतं. शिवाय 'आईला जागवणारा आवाज' अशी पदवी आणि जरीची शाल. अम्मा हरखल्या. या वयात पुन्हा आपला गळा मागतायत म्हणजे काय!

आदल्या संध्याकाळी अम्मा पडूरला पोचल्या. सोबत कोमळम होती. ही अम्मांच्या मागे बसून तंबोरा धरायची, त्यांच्यासाठी मिरीचं गरम पाणी करायची, आणि घरात अम्मांना उलट बोलायचा हक्क असलेली एकमेव बाई होती. पूर्वी तीही स्टुडिओत गायची, पण ट्रॅक. म्हणजे मोठ्या गायिकेला वेळ नसला की आधी हिने गाऊन ठेवायचं, मग मोठीने येऊन ते कानाला लावून ऐकत त्यावर आपलं गाणं चढवायचं, आणि हिचं पुसून टाकायचं. ज्या फळ्यावर रोज लिहायचं आणि रोज पुसायचं, त्या फळ्याला जेवढं नाव, तेवढंच ट्रॅकवालीला. अरुणगिरी मास्टर वारले, तिचं काम थांबलं, तशी ती अम्मांकडे आली आणि राहिली.

जेवताना मेय्यप्पन म्हणाले, "अम्मा, उद्या पहाटे जुनी कॅसेट शेवटची वाजेल. मग अभिषेक, मग तुमचं गाणं. आणि मग वाजतगाजत कॅसेटचं देवळाच्या तळ्यात विसर्जन."

"विसर्जन?" अम्मांनी विचारलं.

"एवढी वर्षं आईची सेवा केलेली वस्तू, कचऱ्यात कशी टाकायची? चांदीची पालखी काढलीय तिच्यासाठी."

"पालखीत कॅसेट!" कोमळम म्हणाली. "आमच्यासाठी कधी रिक्षा नाही आली वेळेवर."

अम्मांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मेय्यप्पनना हुंकाराची गोष्ट सांगितली. कोमळम खाली बघून भातात रस्सम कालवत राहिली.

पहाटे अम्मांना उठवायला कोमळमला अर्ध्या गावाएवढा आवाज करावा लागला. थंड पाण्याने अंघोळ, कोरी रेशमी साडी, बाहेर चांदण्या. "या अजून इथेच?" अम्मांनी वर बघत विचारलं. देवळासमोर माणसं दाटली होती. रोज कॅसेट लावणारा म्हातारा वाजंत्री आज रडवेला झाला होता. आज कानात कापूस घालणं शोभणार नव्हतं. एवढ्या लोकांत आपल्याच भूपाळीला कान झाकायचे म्हणजे देवीचा अपमान. अम्मांनी मनातल्या मनात गुरूंची क्षमा मागितली आणि डोळे मिटले.

कर्णा खरखरला. तंबोरा. मग आवाज.

अम्मांना पहिल्या ओळीला वाटलं, छान. दुसऱ्या ओळीला वाटलं, फारच छान. 'त्या वयाची होते तेव्हा किती सुरेल होते मी!' असं वाटून डोळ्यांत पाणीही आलं. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुराला जाण्याआधी त्या आवाजाने श्वास घेतला, आणि अम्मांचे डोळे उघडले.

सुर्रर्र. गरम रस्समचा घोट ओठांनी ओढावा तसा श्वास.

हा श्वास त्या रोज ऐकत होत्या. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, तुळशीपाशी. वर्षानुवर्षं त्या ओरडत आल्या होत्या, "कोमळम, गुणगुणताना ते रस्सम ओढणं बंद कर गं!"

कर्ण्यातून कोमळम गात होती. जराही शंका नव्हती: ते नाकात किंचित गुंजणं, तो सूर टेकवण्याआधी त्याला अलगद शिवणं. आता अम्मांना आठवायला काहीच उरलं नव्हतं, कारण आठवण अशी नव्हतीच. स्टुडिओ, काच, रडणारे मास्टर, हिरवी साडी... हे सगळं कधी घडलं? कुठल्या दिवशी? त्या मनाच्या तळापर्यंत जाऊन आल्या. तिथे फक्त मुलाखती होत्या.

हुंकार आला. पडदा सरकला. "आई! आई!" करून सगळं देऊळ ओरडलं, कोणी कानशिलं बडवून घेतली, मेय्यप्पन आडवे झाले. देवीकडे पाठ करून उभ्या होत्या त्या एकट्या वेदनायकीअम्मा. त्या कोमळमकडे बघत होत्या. कोमळम डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून उभी होती, आणि तिचा गळा त्या गाण्याबरोबर आतल्या आत हलत होता.

अम्मा तडक खोलीवर आल्या. मेय्यप्पनच्या घरून कॉफी आणि गरम पोंगल आलं होतं. अम्मांनी दार लावलं, कडी घातली, ती बसलीय का हे ओढून पाहिलं.

"कोमळम."

"काय अक्का?"

"ते कोण गातंय?"

कोमळमने कॉफी पेल्यातून वाटीत ओतली, वाटीतून पेल्यात ओतली. "शेवटी ऐकलंत तर," ती म्हणाली.

"तू गातेयस!"

"हो."

"आणि मी? मी कधी गायले?"

"तुम्ही नाही गायलात अक्का."

अम्मा धपकन पलंगावर बसल्या. पलंग देवस्थानाचा होता, तो कण्हला.

झालं होतं ते इतकंच. कोमळमने ट्रॅक गाऊन ठेवला होता. अम्मांनी नंतर येऊन त्यावर गायचं, असं ठरलं होतं. पण अम्मा सिंगापूरच्या कार्यक्रमाला गेल्या. इकडे तेव्हाचे विश्वस्त, म्हणजे मेय्यप्पनच्या वडिलांना उत्सवाआधी कॅसेट हवी होती, वेष्टनावर अम्मांचं नाव आणि फोटो छापून झाला होता, आणि कोणीतरी स्टुडिओतून टेप उचलून नेली. ती चुकीची टेप होती, हे मास्टरांना कळेपर्यंत देवी रोज उठायला लागली होती. अम्मा परतल्या तेव्हा विमानतळावरच लोकांनी हार घातले: काय गायलात, अम्मा! त्या वर्षी अम्मांनी इतकी गाणी गायली होती की न गायलेलं एक त्यात कुठे वेगळं दिसणार? पुढे कार्यक्रमात फर्माईश येऊ लागली, तेव्हा कोमळमनेच ती त्यांना बसवून दिली. 'कॅसेटमधली गोडी काही और' असं लोक कार्यक्रमानंतर म्हणत. अम्मा समजत, लोकांना जुन्याचं कौतुक.

"माझ्या घरात राहिलीस, माझ्या मागे बसलीस, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"असं कोण विचारतं? 'अगं, हे गाणं मी गायलेय का?' असं विचारायचं?"

"मास्टर म्हणाले होते, तोंड उघडलंस तर दोघांचंही काम जाईल. मग सवय झाली. आणि खरं सांगू अक्का? पहिल्या मार्गळीत मी पहाटे रस्त्यावर उभी राहिले होते. गाणं लागल्यावर दूधवाला सायकलवरून उतरला, चपला काढल्या, हात जोडले. वेष्टनावर कोमळमचं नाव असतं तर त्याने घंटा वाजवली असती आणि पुढे गेला असता."

"आणि ती चमकी? हिरवी साडी? तो दाटलेला कंठ? मी जगभर सांगत फिरले आणि तू ऐकत बसलीस!"

"तुम्ही सांगायचातच इतकं सुंदर! मलाही रडू यायचं."

"पण मग तिथे झालं काय होतं? तू का थांबलीस? तुला तरी आई दिसली का?"

"कुठली आई! ओळच नव्हती. गाणं लिहिणाऱ्या पुलवर इळंगोवनना ओळ सुचेना, म्हणून ते जेवायला गेले ते आलेच नाहीत. मास्टर म्हणाले, तिथे नुसतं 'म्म्' कर, अम्मा गातील तेव्हा शब्द घालू. संध्याकाळी सगळे गेल्यावर पुलवर धापा टाकत ओळ घेऊन आले. मी एकटीच होते, मला दिली."

"कोणती ओळ?"

कोमळम सांगावं की नाही अशी घुटमळली. "त्याआधी 'चुलीवर दूध तापलं, गोठ्यात गाय हंबरली' आहे ना? त्यापुढे: 'मांजर आलंय उंबऱ्याशी, दुधावर झाकण ठेवायला तरी'... आणि मग 'ऊठ'."

"मांजर?"

"मांजर."

अम्मांनी तोंडावर पदर धरला. मग दोघी इतक्या हसल्या की बाहेरून कोणीतरी "अम्मा, काही त्रास होतोय का?" असं विचारलं. हसू थांबता थांबता अम्मांनी डोळे पुसले.

"मग आज तूच गा," अम्मा म्हणाल्या.

"मी? ऐका." कोमळमने पहिली ओळ धरली. खिडकीतला कावळा उडून गेला. "तपकिरीने सगळं खाल्लं, अक्का. जे काय होतं ते आता त्या कॅसेटच्या डबीत आहे. तिला पालखीतून नेऊन बुडवणार. बरं आहे, मान तर मिळतोय." तिने कॉफीत साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली. मग पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

अम्मा तिच्या हाताकडे बघत बसल्या. फसवणूक सहन होत होती, मुलाखतींची लाजसुद्धा. घशाखाली उतरत नव्हतं ते वेगळंच: ते गाणं त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. आपण ते कितीदा गायलो, पण एकदाही तिथवर पोचलो नव्हतो. आणि आज तेच पुसायला आपण चांदीच्या वाटीत पोंगल खाऊन निघालो होतो.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. अभिषेक होऊन अलंकारासाठी पडदा ओढला होता. एका बाजूला कंपनीचा माणूस यंत्रांच्या तारा सोडून बसला होता, दुसऱ्या बाजूला चांदीची पालखी, तिच्यात लोडाला टेकून ती कॅसेट, गळ्यात शेवंतीचा हार. शेजारी जुनं वाजवायचं यंत्र, करवलीसारखं उभं. मेय्यप्पननी अम्मांच्या कपाळाला देवीचं वस्त्र बांधलं आणि माईक पुढे केला. "अम्मा, दोन शब्द."

अम्मांनी माईक घेतला. "ही कॅसेट बुडवू नका," त्या म्हणाल्या. "ही भूपाळी मी गायलेली नाही. मागे बसलीय ती कोमळम, तिने गायलीय. माझा आवाज त्यात नाही. मी आजवर खोटं सांगत आले, मला माहीत नव्हतं एवढंच."

तविल वाजवणाऱ्याची काठी हवेत राहिली. कोमळमने मागून अम्मांच्या कमरेला कडकडून चिमटा काढला.

मग मेय्यप्पन हुंदका देऊन रडले. "ऐकलंत?" त्यांनी माईक ओढून घेतला. "ऐकलंत का लोकहो! इतका मोठा कलावंत काय म्हणतो? मी गायले नाही! माझा आवाज नाही! फळांनी लगडलं की झाड वाकतं, ते हे असं. आपला सगळा मान तंबोरेवालीच्या पायाशी ठेवला! अहो, कोण करतं?"

"मेय्यप्पन, मी खरं सांगतेय..."

"खरंच आहे, अम्मा! तुम्ही कुठे गायलात? तुमच्या तोंडून आईच गायली!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी येऊन अम्मांच्या पाया पडली, आणि जाता जाता कोमळमला म्हणाली, "नशीबवान आहेस गं. नाहीतर आमच्या मालकिणी!" अम्मांनी आणखी एकदा तोंड उघडलं, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. त्यांच्या लक्षात आलं की आता त्या जितकं खरं बोलतील तितक्या थोर होत जातील. आयुष्यभर खोट्यावर लोकांनी डोळे पुसले, त्यात नवल नव्हतं. पण खऱ्यावरही तेच?

"जुनी चांगली आहे, तीच राहू दे," त्यांनी मेय्यप्पनच्या कानात सांगून पाहिलं.

"अम्मा, विनयालाही मर्यादा असते," मेय्यप्पन म्हणाले. "मुहूर्त टळतोय. गुरुक्कल पडद्यामागे दोरी धरून उभे आहेत. तुम्ही हुंकार द्या, ते पडदा सारतील."

अम्मा बसल्या. कोमळमने तंबोरा छेडला. तारा सोडून बसलेल्या माणसाने अंगठा वर केला.

त्या गायल्या. नीट गायल्या. मुद्दाम वाईट गाणं त्यांच्या गळ्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पहिलं कडवं झालं, कावेरीचं पाणी जागं झालं. दुसरं कडवं झालं, केळीची पानं जागी झाली. लोक डोलायला लागले. तिसरं आलं. 'चुलीवर दूध तापलं, गोठ्यात गाय हंबरली.' लोकांनी हात जोडून डोक्यावर नेले. कर्पूर पेटला. पडद्यामागे गुरुक्कलांच्या हातातल्या कड्याचा आवाज झाला. त्यांनी दोरी आवळली असावी.

"मांजर आलंय उंबऱ्याशी," वेदनायकीअम्मांनी स्वच्छ, टपोऱ्या शब्दांत आळवलं, "दुधावर झाकण ठेवायला तरी... ऊठ, आई कुयिलांबाळ!"

मागे तंबोरा थांबला. कोमळमने एवढ्या वर्षांत तो मध्येच कधी सोडला नव्हता.

पडदा होता तिथेच होता.

जोडलेले हात डोक्यावरच राहिले. ते कधी खाली घ्यायचे हे कोणाला कळेना. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली.

"मांजर म्हणाल्या का?"

"मला तसंच ऐकू आलं."

"गाभाऱ्यासमोर?"

"अहो, पण पडदा? पडदा नाही उघडला!"

पडद्याच्या कडेने गुरुक्कलांचं डोकं बाहेर आलं. घामाने डबडबलेलं. "हुंकार कुठे आहे?"

"आज कंठ नाही दाटला," अम्मा म्हणाल्या. "शब्द आठवले."

मेय्यप्पन शाल पांघरायच्या बेताने पुढे आले होते, ते तिथेच थांबले. "अम्मा... पुन्हा एकदा. फक्त... मांजराशिवाय."

"गाण्यात मांजर आहे, मेय्यप्पन. पुलवरांनी घातलंय. मी कोण काढणारी?"

"काही नाही सर," तारांतून कंपनीचा माणूस म्हणाला, "मांजर कापून टाकतो. हुंकार मशीनमध्ये तयार होतो. दोन मिनिटं."

त्यानंतर जे गुरुक्कल बोलले ते पडूरमध्ये अजून सांगतात. "आईला मशीनचा हुंकार?" ते गरजले. "तुझी आई उठते का मशीनवर? आईने मुख दाखवायचं नाकारलंय! कर्पूर विझत आलाय आणि तुम्ही मांजरं कापताय! तो जुना हुंकार आणा!"

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. म्हातारा वाजंत्री पालखीत चढला. कॅसेटच्या गळ्यातला हार निघेना, तो तोडला. जुन्या यंत्रात ती घातली, गाणं पुढे पळवलं, ते फार पुढे गेलं, मागे आणलं. आणि खरखरीतून, मधोमध, कुठल्याही तयारीशिवाय तो हुंकार उठला. "म्म्म्म्..." पडदा सरकला. हिरव्या साडीतली कुयिलांबाळ दिसली, आणि देवळात असा आक्रोश उठला की कबुतरं गोपूर सोडून गेली. वाचलो, असा तो आक्रोश होता.

विसर्जनाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. कंपनीच्या माणसाने तारा गुंडाळल्या. मेय्यप्पन शाल हातात घेऊन बराच वेळ उभे होते. अम्मांना घालायची तर गावाने अपशकुन म्हटलं असतं. परत न्यायची तर देवीपुढे काढलेली वस्तू. शेवटी त्यांनी ती जरीची शाल त्या कॅसेटच्या यंत्रावर पांघरली, नीट, दोन्ही खांद्यांवरून घ्यावी तशी, आणि हात जोडले. पदवीचा फलक त्यालाच टेकवून ठेवला.

लोक अम्मांना वाट देत होते. पण आता कोणी पायाला हात लावत नव्हतं. "वय झालं हो," एक जण हळूच म्हणाला. "आणि मन भ्रमलं की आधी विनय येतो, मग मांजर."

कोमळम तंबोऱ्याला टेकून शालीकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं. अम्मांनी दंडाला धरून ओढलं तेव्हा ती चालू लागली.

गाडी कुंभकोणमच्या रस्त्याला लागली. भाताची खाचरं, नारळ, सायकली. कोमळमला आता कुठे वाचा फुटली.

"पन्नास वर्षांचं नाव, अक्का! मांजराच्या पुढ्यात ठेवलंत! उद्या पेपरात काय येईल ठाऊक आहे?"

अम्मा खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"कोणाला कळलं का शेवटी? कोणाला नाही कळलं! मला कोणी ओळखत नव्हतं, आता तुम्हालाही वेडी म्हणतील. मी मागितलं होतं का?"

दोन गावं मागे पडली. ड्रायव्हरने आरशातून दोघींकडे पाहिलं आणि रेडिओकडे गेलेला हात मागे घेतला.

"दुसऱ्या कडव्यात," अम्मा एकदम म्हणाल्या, "तू घाई केलीयस."

कोमळम वळली. "काय?"

"'केळीचं पान' म्हणताना. अर्धी मात्रा आधी उचललंस. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

एवढ्या वर्षांत त्या गाण्याविषयी, ते कोमळमचं म्हणून, कोणी काही बोललं असेल तर ते हेच.

"मास्टरांना लुंगी बदलून जेवायला जायचं होतं," ती म्हणाली. "ते काचेपलीकडून हात हलवत होते, लवकर, लवकर."

"तरी उचलायचं नव्हतंस," वेदनायकीअम्मा म्हणाल्या.

"नव्हतंच," कोमळम म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली.